डॉ. प्रफुल्लकुमार सेन : बंद झडपा उघडणारे शल्यविशारद



मंडळाच्या या पानांवर आजवर धार-देवासच्या पवारांवर, अहिल्याबाईंवर, कुमारजींवर पुष्कळ लिहून झाले आहे. या वेळी आम्ही एका डॉक्टरांचे चरित्र लिहायला घेतले आहे. हे गृहस्थ माळव्यातले नव्हते आणि मराठीही नव्हते. जन्माने बंगाली, आणि सारे कर्तृत्व मुंबईत परळला. मग बदनावरच्या मराठी मंडळींनी ते का वाचावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की आमच्या घरातले एक मरण या नावाशी जोडले गेले आहे. त्यात दोष त्यांचा नव्हता. दोष होता आमच्या अर्धवट माहितीचा. ते ऋण थोडे तरी फेडावे म्हणून हा लेख.

आमच्या घरातली गोष्ट

गोष्ट १९६८ सालची. आम्ही तेव्हा चौथीत होतो. आमची धाकटी आत्या चोवीस वर्षांची, पदरी तीन वर्षांचा मुलगा. बाळंतपणानंतर तिला धाप लागू लागली म्हणून ती माहेरी बदनावरला आली होती. आडातून पाणी शेंदले की ती ओट्यावर बसून राही. रात्री आडवे झाले की घुसमटायची, म्हणून आजी तिच्या पाठीशी तीन उशा लावून देई आणि ती भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपे. पुढे खोकल्यातून रक्त पडू लागले आणि घर हादरले. त्या काळी आपल्या भागात रक्त पडले म्हणजे क्षय, एवढेच सर्वांना ठाऊक. त्याच दुखण्यापायी कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले आणि बरे होऊन पुन्हा गाऊ लागले, हे माळव्यातल्या प्रत्येक मराठी घराला माहीत होते. तेव्हा आत्याचेही ताट-वाटी वेगळे झाले.

वडिलांनी तिला रतलामला नेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले, फोटो काढला आणि सांगितले की हा क्षय नाही. लहानपणी हिचे सांधे सुजून ताप आला होता का, असे त्यांनी विचारले. आला होता. नवव्या-दहाव्या वर्षी गुडघे, मग घोटे, मग मनगटे सुजली होती, आणि सगळे आपोआप बरेही झाले होते. डॉक्टर म्हणाले की त्या तापाने हृदयाची एक झडप आखडली आहे. मुंबईला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सेन यांच्याकडे ती उघडून देतात, तिकडे न्या. बदनावरहून बसने रतलाम, आणि रतलामहून रात्रीच्या गाडीने बॉम्बे सेंट्रल. जाण्याचे ठरत आले होते.

तेवढ्यात फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूरहून येणाऱ्या हिंदी वर्तमानपत्रात मोठी बातमी आली. मुंबईच्या डॉ. सेन यांनी एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्याचे बसवले, आणि तो माणूस तीन तासांत गेला. वडिलांनी ती ओसरीवर मोठ्याने वाचली. आजोबांनी ऐकून घेतले आणि मुंबईला जायचे रद्द केले. डॉक्टर तेच, रुग्णालय तेच, आणि हृदयाचेच ऑपरेशन. घरात कोणाला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. आत्यालाही नाही.

त्याच वर्षी आषाढात आत्या गेली. तिचा मुलगा, आमचा आतेभाऊ, आमच्याच घरी लहानाचा मोठा झाला.

पुढे बँकेच्या नोकरीत बदल्या होत राहिल्या, आणि निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली. तेव्हा कळले की छापून आलेले ऑपरेशन त्या डॉक्टरांनी आयुष्यात दोनदाच केले. आत्याला जे हवे होते ते मात्र त्यांच्या विभागात नेहमीचे झाले होते.

बंगालचा मुलगा, परळचे रुग्णालय

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आले आणि मग कायमचे मुंबईचे झाले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ च्या सुमारास परळला सुरू झाले. त्यामागचा हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा बहुतेक इंग्रज डॉक्टरांच्या हाती असत. हिंदी माणसाने कितीही शिकावे, हाताखालीच राहावे. म्हणून या कॉलेजला देणगी देणाऱ्यांनी अटच घातली की इथले अध्यापक हिंदी असतील. आपल्या लोकांना संधी दिली तर ते कोणाहून उणे ठरणार नाहीत, हे दाखवून देण्यासाठी उभी राहिलेली ही संस्था. सेन घडले ते याच हट्टात.

रुग्णालय महानगरपालिकेचे आणि भोवताली गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार, त्याची बायकामुले, चाळीतल्या एका खोलीत राहणारी आठ-दहा माणसे, हेच इथले रुग्ण. खाजगी दवाखान्याचे पैसे यांच्यापाशी नव्हते. सेन यांना पुढे देशी-परदेशी नाव मिळाले, पण त्यांचे काम चालले ते या पालिकेच्या रुग्णालयातच. त्यांच्या विभागाचे दार असल्या माणसांना उघडे होते, हे विसरता कामा नये.

आत्याला झाले होते ते काय

सेन यांचे मोठेपण कळायचे तर आधी हा आजार समजून घ्यायला हवा. आम्ही बी.कॉम. झालेले, वैद्यकातले नव्हे. पण डॉक्टर मित्रांना विचारून आणि वाचून जे समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडपेचे काम रक्त एकाच दिशेने जाऊ देणे. पुढे जाताना उघडायचे आणि मागे येऊ लागले की मिटायचे. दिवसाकाठी हे साधारण एक लाख वेळा घडते. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येते आणि तिथून खालच्या कप्प्यात उतरते. या दोन कप्प्यांमधल्या दोन पाकळ्यांच्या झडपेला मायट्रल झडप म्हणतात. मोठ्या माणसात ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट होते. दोन बोटे सहज जातील एवढी.

आता लहान मुलाचा घसा दुखतो. त्यातले काही घसे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने सुजलेले असतात. घसा चार दिवसांत बरा होतो. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात. जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली शस्त्रे चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात, मागे काहीच राहत नाही, आणि म्हणून घरचे निश्चिंत होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहतात. घसा पुन्हा पुन्हा धरला तर व्रणावर व्रण. काही वर्षांत पाकळ्या जाड होतात, कडेने एकमेकींना चिकटतात, आणि दोन बोटांच्या वाटेतून पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच फट उरते.

मग रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसे ओली होतात. माणूस स्वस्थ बसला असताना काही जाणवत नाही. पण घागर उचलली, जिना चढला, ताप आला की नाडी जलद होते, आणि त्या फटीतून उतरायला रक्ताला वेळच पुरत नाही. गरोदरपणात तर अंगातले रक्त जवळपास दीडपट होते, म्हणून कितीतरी बायकांचा हा आजार पहिल्या बाळंतपणाच्या वेळीच उघडा पडतो. आडवे झाले की घुसमट वाढते. तुंबलेल्या बारीक वाहिन्या फुटून खोकल्यात रक्त येते, आणि लोक त्याला क्षय म्हणतात.

दाटीवाटीची घरे, अपुरे खाणे आणि न झालेला औषधोपचार असेल तिथे हा आजार फार. विलायतेत राहणीमान सुधारले, पेनिसिलीन आले आणि तो ओसरत गेला. आपल्याकडे मात्र ऐन विशीतली मुले-मुली त्याने झिजत होती. परळच्या वॉर्डात सेन यांना रोज दिसत होती ती हीच माणसे.

बोटाने उघडलेली झडप

झडप चिकटली आहे तर ती उघडून का देऊ नये? विचार साधा होता, पण धडधडत्या हृदयात हात घालायचा कोणी? लंडनच्या हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये एका तरुण मुलीच्या हृदयात वरच्या कप्प्याच्या कानातून बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी वाचली. तरीही त्यांच्याकडे पुन्हा असा एकही रुग्ण कोणी पाठवला नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, असे त्या वेळच्या बड्या डॉक्टरांचे मत होते. एक यशस्वी ऑपरेशन वीस-बावीस वर्षे तसेच पडून राहिले.

पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांनी ते पुन्हा हाती घेतले. त्यांचे पहिले रुग्ण दगावले, सहकाऱ्यांनी त्यांना नावे ठेवली, रुग्णालयांनी दारे बंद केली. १० जून १९४८ या दिवशी त्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन ऑपरेशने ठरवली. पहिले फसले तर कोणी अडवायच्या आत दुसरे व्हावे म्हणून. सकाळचा रुग्ण गेला, दुपारची बाई वाचली. काही दिवसांतच बोस्टनला ड्वाइट हार्केन यांनी, आणि त्याच वर्षी लंडनला रसेल ब्रॉक यांनी हेच साधले. वाट उघडली.

सेन १९४९ च्या सुमारास रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेही याच फिलाडेल्फियात. हृदयाची शस्त्रक्रिया तिथे जन्म घेत होती. परत आले ते हे काम मुंबईत उभे करायचे ठरवूनच. पन्नाशीच्या दशकात के.ई.एम.मध्ये हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि मायट्रल झडप उघडण्याचे ऑपरेशन त्यांत प्रमुख होते.

ते कसे करत ते सांगतो. रुग्णाला भूल देऊन उजव्या कुशीवर निजवायचे. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक भाग असतो. त्याच्या बुडाशी चिमटा लावून भोवती टाक्यांची दोरी घालायची, बटव्याच्या नाडीसारखी. मग पाळीला छेद देऊन तर्जनी आत सारायची आणि नाडी आवळायची, म्हणजे बोटाभोवतून रक्त वाहत नाही. हृदय धडधडतच असते. आतले काही दिसत नाही. बोटाच्या पेराला जे कळेल तेवढेच. पाकळ्या लवचिक आहेत की चुनखडीसारख्या टणक, फट केवढी, रक्त उलटे मारते का, हे सारे बोटाने वाचायचे आणि चिकटलेल्या कडांवर नेमका दाब देऊन त्या सोडवायच्या. पुढे खालच्या कप्प्यातून घालायचे एक पसरणारे हत्यारही आले. कृत्रिम हृदय-फुप्फुसाचे यंत्र लागत नाही, महागडी झडप लागत नाही, आणि रक्तही थोडेच लागते. आपल्या देशाला परवडणारे असे हे ऑपरेशन. गरोदर बाईवरही ते करता येई.

पण प्रत्येकावर ते चालत नसे, आणि खरी कसोटी होती निवडीची. झडप अरुंद झाली असेल तर बोट उपयोगी. पण ती गळत असेल, म्हणजे मिटतच नसेल, तर आणखी उघडून रुग्ण मरायचाच. तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी हाताशी नव्हती. हृदयतज्ज्ञ नळी लावून ऐकत. पहिला ठोका खणखणीत आहे का, झडप उघडताना टिचकी वाजते का, त्यामागून गाडी दूर जावी तशी घरघर येते का. टिचकी ऐकू आली म्हणजे पाकळ्या अजून लवचिक आहेत. ठोक्याबरोबर फूत्कार येत असेल तर गळती आहे. मग छातीचा फोटो, कार्डिओग्राम, आणि गरज पडल्यास हातातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवून दाब मोजणे. के.ई.एम.मध्ये हृदयरोगाची बाजू डॉ. के. के. दाते यांच्यासारखे नामवंत सांभाळत होते. रतलामच्या डॉक्टरांनी आत्याच्या छातीला नळी लावून इतका वेळ काय ऐकले, ते आम्हाला हे वाचताना पन्नास वर्षांनी कळले.

न थांबणारे डोके

एवढ्यावर थांबणारा हा माणूस नव्हता. सेन यांनी रुग्णालयाला जोडून प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. शरीर थंड करून काही मिनिटे रक्ताभिसरण थांबवायचे आणि तेवढ्यात हृदयातले छिद्र बुजवायचे, हे तंत्र त्यांनी वापरले. पोटाकडे जाणारी महारोहिणी मधोमध आखडण्याचा एक आजार आपल्याकडच्या तरुणांत, विशेषतः मुलींत, दिसतो. त्यावर १९६३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, डॉ. पारुळकर आदी सहकाऱ्यांसह प्रबंध लिहिला आणि त्याला जे नाव दिले ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे.

त्यांची आणखी एक कल्पना ऐकण्यासारखी आहे. सापाच्या हृदयाच्या स्नायूला पुष्कळसे रक्त थेट आतल्या कप्प्यातूनच मिळते, जणू स्पंज भिजावा तसे. माणसाच्या हृदयाला पुरवठा करणाऱ्या वाहिन्या बंद झाल्या तर आपणही स्नायूत सुईने बारीक वाटा का पाडू नयेत, असे त्यांना वाटले. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यावर नाव असलेले तरुण सहकारी डॉ. तेहमटन उदवाडिया पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भारतातले अग्रणी ठरले. सेन यांचीच कल्पना पुढे परदेशात लेसरच्या साहाय्याने वापरली गेली. मोठ्या प्रयोगशाळा आणि मोठा पैसा नसताना परळमधून असे विचार निघत होते.

ऑपरेशनखेरीज सेन चित्रेही काढत. हाताला रंगाची आणि चाकूची सारखीच सवय.

ते तीन तास

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले आणि जग थक्क झाले. पण यात अचानक उठून केलेले असे काही नव्हते. अमेरिकेत शमवे, कँट्रोविट्झ आणि मुंबईत सेन, हे सारे कितीतरी वर्षे प्राण्यांवर हीच तयारी करत होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के.ई.एम.मध्ये सेन आणि त्यांच्या चमूने एका तरुण शेतकऱ्यावर हृदयारोपण केले. अपघातात डोक्याला जबर मार लागून वाचण्याची आशा न उरलेल्या एका तरुणीचे ते हृदय होते. जगातले ते सहावे हृदयारोपण, आणि ते करणारे सेन चौथे शल्यविशारद. पहिले तिघे आफ्रिका-अमेरिकेतले, आणि चौथा एका पालिका रुग्णालयातला.

रुग्णाचा स्वतःचा हृदयस्नायू निकामी झाला होता. दीर्घकाळ मागे रक्त तुंबून त्याच्या फुप्फुसांतल्या वाहिन्यांतला दाब फार वाढला होता. नवे हृदय निरोगी, पण त्याची उजवी बाजू एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायला सरावलेली नव्हती. ती थकली, आणि तीन तासांच्या आसपास रुग्ण गेला. याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरे आरोपण झाले. तो रुग्णही एका दिवसाच्या आतच गेला. त्यानंतर सेन यांनी हे ऑपरेशन केले नाही.

टीका पुष्कळ झाली. गरीब देशाला असली साहसे हवीत का, असे विचारले गेले. हृदय धडधडत असताना माणूस मेला असे म्हणायचे कोणी, याबद्दल तेव्हा आपल्याकडे कायदाच नव्हता. पण जगभर तेच झाले. पहिल्या दोन-तीन वर्षांचा उत्साह ओसरला आणि बहुतेकांनी ही वाट सोडली. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठी चांगले औषध यायला आणखी दशक लागले. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. सेन यांच्या तीन तासांना आणि या यशाला सव्वीस वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही एकाच वाटेवर आहेत.

१९६९ मध्ये सरकारने सेन यांना पद्मभूषण दिले. त्यांचे शिष्य परळला आणि परळबाहेर पसरले. २२ जुलै १९८२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, ते गेले. आज त्यांचे नाव काढले की लोक तेच हृदयारोपण सांगतात. झडपा उघडून ज्यांना त्यांनी घरी पाठवले, त्यांची बातमी कधी झाली नाही. बरा झालेला माणूस टाके काढून गावाकडे जातो आणि कामाला लागतो. त्यात छापण्यासारखे काय?

बँकेत आम्ही नव्या मुलांना सांगत असू की एका नोंदीवरून खाते वाचू नये. सबंध खतावणी पाहावी. आमच्या घराने एकच नोंद वाचली आणि खाते बंद केले.

आज काय बदलले

आता झडप पाहायला कोणाचे बोट आत घालावे लागत नाही. जहाजबांधणीत लोखंडातली भेग शोधायला आवाजाच्या लहरी वापरत. त्याच यंत्राने १९५३ मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदय पाहिले, आणि प्रथम पाहायची होती ती हीच मायट्रल झडप. त्यातूनच इको तपासणी आली. फट किती चौरस सेंटिमीटर आहे, गळती किती, पाकळ्या किती जाड, फुप्फुसांतला दाब किती, हे अर्ध्या तासात इंदूरलाही कळते.

लवचिक झडप चिकटली असेल तर १९८० च्या दशकात जपानच्या इनोई यांनी आणलेल्या फुग्याने ती उघडतात. मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन आत फुगा फुगवायचा. छाती उघडावी लागत नाही. सेन यांचे बोट जे करी तेच आता फुगा करतो. झडप फारच खराब असेल किंवा गळत असेल तर दुरुस्त करतात किंवा बदलतात. धातू-कार्बनची झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि तिच्यासाठी नियमित रक्ततपासणी. गोळी मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी बसते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्ल्यथन यांच्या चमूने बनवलेली भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली आणि ती परदेशी झडपेपेक्षा स्वस्त पडली. म्हातारपणी महारोहिणीच्या तोंडची झडप चुन्याने कडक होते, तीही आता पायातून नळी नेऊन बदलतात. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना चालताना धाप लागत असेल, छातीत दाटत असेल, चक्कर येत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये.

पण हे सारे झाल्यानंतरचे उपाय. मूळ उपाय स्वस्त आणि जुना आहे. मुलाचा घसा ताप येऊन दुखला तर डॉक्टरांना दाखवणे आणि दिलेले औषध पूर्ण संपवणे. संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. घसा पुन्हा धरू नये, झडपेवर नवा व्रण बसू नये, एवढ्यासाठीच ते असते. मूल हिंडते-खेळते म्हणून ते मध्येच थांबवू नये. आणि मुलीच्या लग्नाला अडचण होईल म्हणून तर मुळीच लपवू नये. धाप लागल्यावर बाळंतपणात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

हे आम्ही उगाच लिहीत नाही. गेल्या वर्षी आमच्या आतेभावाच्या नातीचा घसा धरला. ती दहा वर्षांची. पंधरा दिवसांनी ताप आला आणि गुडघा सुजला, मग घोटा. खेळताना पडली असेल, असे सगळे म्हणत होते. आतेभाऊ मात्र पांढराफटक पडला. त्याने आम्हाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन इंदूरला गेलो. इकोमध्ये झडपेवर थोडीशी सूज दिसली. फट व्यवस्थित होती, दोन बोटे जातील एवढी.

तेव्हापासून तिला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन असते. तारीख चुकू नये म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करतो आणि आतेभाऊ तिला सायकलवर पुढे बसवून नेतो. सुई दुखते म्हणून ती रडते. परत येताना बैजनाथाच्या वाटेवर तिला जिलबी मिळते. आतापर्यंत अठरा खुणा झाल्या आहेत आणि एकही तारीख चुकलेली नाही.